उतारावरची निलगिरी, ४५ एचपीचा ट्रॅक्टर आणि विंच

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीच्या वरच्या अंगाला दोन एकराचा उतार, वडिलांनी लावलेली निलगिरी, मधीमधी अकेशिया, बांधाला तीन साग. घरात ४५ एचपीचा ट्रॅक्टर आहे. जेसीबीवाला म्हणतोय खाली जायला रस्ता पाडायला लागेल, भाऊ म्हणतोय साखळी लावून ट्रॅक्टरनंच ओढूया काय होतंय, आणि तुम्ही मोबाईलवर बाहेरदेशातली ती पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर, चालणारी विंच (ड्रमावर दोरी गुंडाळून ओझं ओढणारं यंत्र) बघितलाय, ती घ्यावी का, घेतली तर केवढी, आणि एकट्यानं जमेल का.

एकट्यानं जमणार नाही, हे पहिलं. बाकीचं जरा सविस्तर सांगतो, कारण मी या कामात पंचवीस वर्षं आहे, खानापूर तालुक्यात आणि पलीकडं महाराष्ट्रातल्या चंदगडात मालकीतली झाडं काढून देतो, आणि त्यातली पहिली सात-आठ वर्षं मी पण तुमच्या भावासारखा साखळीवालाच होतो.

वीसेक वर्षांमागची गोष्ट. दिवाळी झालेली, जमीन वरनं वाळलेली खरं आत ओल होती. किंदळाचा एक ओंडका जांभ्याच्या दगडाला अडकलेला. ड्रॉबारला, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं खाली असलेल्या ओढायच्या पट्टीला, साखळी लावली की मागची चाकं जागेवरच फिरायलेली, म्हणून मी शहाणपणा केला, साखळी उचलली आणि वर टॉप लिंकच्या (अवजाराला वरनं धरणाऱ्या दांड्याच्या) ब्रॅकेटला लावली, म्हटलं वरनं ओढलं की ओंडक्याचं तोंड उचलेल. लो गिअर टाकला, क्लच सोडला. ओंडका हलला नाही, या खेपेला चाकं पण फिरली नाहीत, बॉनेट तेवढं वर यायला लागलं. आधी समोर पायवाट दिसत होती, मग आंब्याचा शेंडा दिसला, मग नुसतं आभाळ. पाय क्लचवरच होता म्हणून दाबला गेला आणि पुढची चाकं धाडकन खाली आली. सगळं मिळून एक-दीड सेकंद. तेवढ्यात विचार करायला सवडच नसते, पाय जिथं असतो तिथं असतो.

हे का होतं ते भावाला समजवून सांगा. इंजिनचा जोर मागच्या एक्सलवर येतो. चाक फिरायला मोकळं असेल तर ते फिरतं आणि ट्रॅक्टर पुढं जातो, खरं मागचं ओझं हलेना आणि चाकाची पकड पण सुटेना, तर तो जोर उलटा ट्रॅक्टरच्या धडालाच एक्सलभोवती फिरवतो, म्हणजे नाक वर. साखळी एक्सलच्या खाली ड्रॉबारला असेल तर नाक वर यायला लागलं की ड्रॉबार खाली जातो, साखळीची ओढ आपोआप बोथट होते. साखळी एक्सलच्या वर असेल तर ती ओढ नाकाला अजून वर ढकलायला मदतच करते. पुढं वजनाच्या प्लेटा टाकल्या तर थोडा फरक पडतो, खरं त्यावर विसंबू नका. आणि डोक्यावर जे पत्र्याचं छत आपण उन्हासाठी बसवतोय ते ट्रॅक्टर उलटा पडल्यावर पापडासारखं चपटं होतं, ते संरक्षण नव्हे.

तेव्हा सरळ सांगायचं तर उतारावर ट्रॅक्टर उतरवायचाच नाही. ट्रॅक्टर वर सपाट जागेवर, रस्त्यावर, उभा करायचा आणि लाकूड त्याच्याकडं यायला पाहिजे. विंचचा सगळा अर्थ एवढाच. लोकांना वाटतं विंच म्हणजे जास्त ताकद. ताकद ट्रॅक्टरचीच असते हो, फक्त ती चाकातनं जमिनीला न जाता ड्रमातनं दोरीला जाते, आणि चाकं उभी असतात. उभा ट्रॅक्टर चिखलात रुतत नाही, बांध फोडत नाही, आणि नीट बसवला असेल तर उलटत पण नाही.

आता तुम्ही बघितलेली विंच. ती फिनलंड, नॉर्वे, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया या बाजूची. तिथं शेतकऱ्याच्या मालकीचं थोडं थोडं जंगल असतं आणि हिवाळ्यात तो आपल्याच ट्रॅक्टरनं ते काढतो, म्हणून हे यंत्र तिथं वाढलं. थ्री पॉइंट लिंकेजला, म्हणजे मागं अवजार जोडायच्या तीन दांड्यांना, लागतं, पीटीओवर फिरतं, खाली रुंद ब्लेड असतंय. ते ब्लेड हायड्रोलिकनं जमिनीवर दाबून बसवायचं, मग ओढ ब्लेडवर जाते, मागच्या चाकावर नाही. हे ब्लेड महत्त्वाचं का, तर तुमचा ट्रॅक्टर स्वतः दोन टनाच्या आसपास आहे आणि विंच चार टनानं ओढणार. म्हणजे ब्लेड नीट बसलं नाही तर ओंडका जागेवर राहून ट्रॅक्टरच ओंडक्याकडं चालत जाईल. मी हे बघितलंय, हँडब्रेक लावलेला ट्रॅक्टर चारी चाकांनी घसरत, जणू सासरी निघालाय.

केवढी घ्यायची? ओंडक्याचं वजन काढायला शिका, मग तुम्हालाच कळेल. ओल्या निलगिरीचं लाकूड पाण्याएवढं किंवा थोडं जास्तच जड असतं. मध्यावर चार फूट घेर आणि बारा फूट लांबी असा ओंडका घ्या, तो साडेचारशे किलोच्या आसपास भरतो. सपाटीवर अख्खा लोळवत ओढायचा तर वजनाच्या निम्मी ते पाऊणपट ओढ लागते. तुमच्याकडं उतार आहे आणि ओढायचंय वर. तीन फुटाला एक फूट चढ असेल तर ढोबळमानानं जेवढं वजन तेवढी ओढ धरा. असे तीन ओंडके एकदम म्हणजे सव्वा ते दीड टन, आणि मधी बुंध्याला अडकला की तोच आकडा क्षणभर दुप्पट-तिप्पट. म्हणून ४५ एचपीला चार टनाची विंच बरोबर. सेकंदाला अर्धा मीटर या वेगानं चार टन ओढायला साधारण २७ एचपी लागतात, पीटीओवर तुमचा तेवढा निघतो. आठ टनाची घेऊन मिरवायचं काम नाही, ती उचलतानाच पुढची चाकं हलकी होतील.

एक गोष्ट कोण सांगत नाही. विंचवर जो टनाचा आकडा लिहिलेला असतो तो ड्रम जवळजवळ रिकामा असतानाचा. दोरी थरावर थर गुंडाळली की ड्रमचा घेर वाढतो, वेग वाढतो, आणि ओढ कमी होते. म्हणून लांबचा ओंडका झटकन हलतो आणि जवळ आला की विंच दमल्यासारखी वाटते. ती दमलेली नसते, हिशोबच तसा आहे. आणि उलट बाजूनं, दोरी अगदी शेवटपर्यंत सोडायची नाही, ड्रमवर चार-पाच वेढे राहायलाच पाहिजेत, नाहीतर सगळा भार टोकाच्या एका स्क्रूवर येतो.

इथं बनवून घ्यायची का? बेळगावात उद्यमबागेत काय बनत नाही, फौंड्री, गिअर, शाफ्ट, सगळं. मी पण माझी पहिली विंच एका वर्कशॉपात बनवून घेतली, जुन्या ट्रकचा गिअरबॉक्स आणि पाईपचा ड्रम. ओढायची झकास. खरं थांबवायची नाही. क्लच सुटला की ड्रम मोकळा, आणि ओंडका उतारावरनं परत खाली. वर्कशॉपवाल्याचा दोष म्हणावा तर मीच त्याला ब्रेकचं बोललो नव्हतो, त्याला काय स्वप्न पडणार. बनवून घ्यायचीच असेल तर ताकदीचं नंतर विचारा, आधी हे विचारा की दोरी ओढायची बंद केली की ड्रम आपोआप धरून राहतो का, आणि चालवणाऱ्याच्या आणि दोरीच्या मधी जाड जाळी आहे का. ही दोन उत्तरं होय असतील तरच पुढं.

दोरीबद्दल. आपल्याकडं कुठली पण तार घेतात, बोअरवेलची जुनी, क्रेनवरनं उतरवलेली. असं करू नका. चांगली दहा एमएमची वायर रोप सहा टनाच्या आसपास तुटते, बारा एमएमची साडेआठ-नऊ टनाला. दोरी विंचच्या दुप्पट तरी पाहिजे, म्हणजे चार टनाला बारा एमएम. टोकाला गाठ मारायची नाही कधी. थिंबल (दोरीच्या फासाच्या आत बसणारी लोखंडी खोबण) घालून यू क्लॅम्प मारायचे, बारा एमएमला चार, दोन क्लॅम्पमधी तीन इंच अंतर. क्लॅम्पची खोगीर असते बघा, ती ओढ घेणाऱ्या दोरीवर बसते आणि यू मोकळ्या शेपटीवर. निम्मे लोक उलटं लावतात, मग यू मुख्य दोरीच चावून ठेवतो. आणि पहिला भार दिला की परत पाना फिरवायचा, दोरी दबून बारीक होते आणि नट ढिले पडतात. हातमोजे चामड्याचेच, कापडाचे नकोत, तुटलेल्या तारेचा काटा कापडातनं आरपार जातो आणि आठ दिवस ठणकतो.

दोरी तुटली तर ती सरळ मागं येत नाही, सापासारखी वळसा घेत येते. म्हणून ताणलेल्या दोरीच्या रेषेत कोण उभं राहायचं नाही, आणि दोरी कप्पीतनं वळवली असेल तर वळणाच्या आतल्या बाजूला तर अजिबातच नाही. कप्पी सुटली तर दोरी त्या आतल्या कोनातनंच सरळ होते, तिथं जे असेल ते घेऊन. दोरीवर ओलं पोतं टाकून ठेवायची पद्धत आहे, ती चांगली आहे, तुटली तर झटका थोडा मरतो. दोरीवरनं उडी मारून पलीकडं जायचं नाही, फेरा मारून जायचं.

कप्पीचा विषय निघालाय तर, कप्पी ही जादू आहे आणि सापळा पण आहे. ओंडक्याला कप्पी लावली आणि दोरीचं टोक परत वर आणून पक्कं बांधलं, की ओढ दुप्पट आणि वेग निम्मा. सापळा असा की नुसती दिशा बदलायला बाजूच्या झाडाला कप्पी बांधली तरी त्या झाडावर दोरीपेक्षा जास्त भार येतो. काटकोनात वळवली तर जवळजवळ दीडपट, पूर्ण उलटी फिरवली तर दुप्पट. म्हणजे तीन टनाची ओढ असेल तर झाडावर सहा टन! मी एकदा अकेशियाला बांधली होती, चांगला मांडीएवढा बुंधा. जांभ्यावर मुळं आडवी पसरलेली, खोल कुठली जाणार. झाड मुळासकट चटईसारखं उलगडत आलं. तेव्हापासून कप्पीला जुनं उभं झाड, तेही पायाशी अगदी खाली बांधायचं, छातीच्या उंचीला नव्हे, आणि सालीला लागू नये म्हणून पट्टा वापरायचा. अकेशियाला तर नाहीच.

आता खरं काम, जे विंच चालू करायच्या आधी असतं. झाड कसं पाडलं यावर ओढणीचं सगळं असतं. आमच्याकडं तोडणारी टोळी वेगळी आणि ओढणारी वेगळी, तोडणाऱ्याला दिवसाला किती झाडं पडली याचं पडलेलं असतं, तो दिसेल तिकडं पाडतो, आणि मग एकमेकांवर पडलेल्या काड्यापेटीतल्या काड्यांसारखं सगळं. ओढणाऱ्यानंच आधी उतारावरनं चालायचं, कुठनं ओढायचं त्या दोन-तीन वाटा चुन्यानं खुणा करून ठरवायच्या, आणि झाडं त्या वाटेला तिरकी पाडायची, माशाच्या काट्यासारखी, बुंधा वाटेकडं आणि वरच्या बाजूला, शेंडा लांब. बुंध्याकडनं ओढलं की फांद्या मिटून येतात, शेंड्याकडनं ओढलं की छत्रीसारख्या उघडतात. अगदी सरळ उताराखाली पाडू नका, निलगिरी उंच असते, जोरात आपटून मधनंच मोडते आणि घसरत कुठं जाईल सांगता येत नाही.

पाडताना पडायच्या बाजूला बुंध्याच्या पाव भागापर्यंत तोंड काढायचं, मागनं कापत यायचं आणि मधी जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढं लाकूड बिजागरीसारखं राखायचं. ती बिजागरी झाडाला दिशा देते, ती तोडून टाकली की झाड मोकाट. पुढं झुकलेली निलगिरी मागनं कापताना उभी चिरते आणि चिरलेला तुकडा कापणाऱ्याच्या तोंडावर येतो, तसली झाडं सरावाच्या माणसाला द्या. मशीनवाला म्हणून कोणाला पण घेऊ नका, आजकाल वुड कटर भाड्यानं मिळतंय म्हणून काल दुकानात असलेला पोरगा आज झाडं पाडायलाय.

एक झाड दुसऱ्यात अडकलं, हे दोन एकरात दहा वेळा तरी होणार. त्याच्याखाली जायचं नाही, ज्याच्यात अडकलंय ते झाड कापायचं नाही, वर चढायचं तर नाहीच. इथं विंचचे पैसे वसूल होतात. अडकलेल्याच्या बुंध्याला साखळी, लांबनं, आणि बुंधा मागं ओढायचा, शेंडा आपोआप सरकत खाली येतो.

ओंडक्याला साखळीचा फास टोकापासून फूटभर आत घालायचा. ओढायचं तोंड कुऱ्हाडीनं चहूबाजूनं तासून जरा गोल करा, पेन्सिल नको, नुसती कड मारायची, म्हणजे ते मातीत नांगरासारखं घुसत नाही. पाच मिनिटाचं काम आहे आणि आळस सगळ्यांनाच येतो, मग तेच तोंड निलगिरीच्या खोडक्यात घुसतं आणि खोडक्याची साल सोलली जाते. निलगिरीचं पुढचं पीक त्या खोडक्यातनंच येणार आहे हे विसरू नका. बुंधा जमिनीजवळ, तिरका, गुळगुळीत कापलेला आणि साल शाबूत असेल तर फुटवे जोमानं येतात, नंतर दोन-तीन राखून बाकीचे काढायचे. साल सोललेल्या खोडक्याला फुटवे येतात ते कुपोषित पोरासारखे.

ट्रॅक्टर उभा करताना दोरीच्या रेषेत सरळ. बाजूनं ओढायला लागलं तर कप्पी वापरा, ट्रॅक्टर आडवा ठेवून ओढू नका, आडव्या ओढीत ट्रॅक्टर कुशीवर जातो. खालनं वर ओढणं वरनं खाली ओढण्यापेक्षा बरं, ओंडका सुटला तर तो तुमच्यापासनं लांब जातो. मात्र खाली कोण नाही ना, गुरं नाहीत ना, हे प्रत्येक ओढीला बघायचं. आमच्याकडं एक माणूस फक्त त्यासाठीच खाली उभा असतो, बाजूला, आणि गंमत म्हणजे त्यालाच सगळे म्हणतात हा काय काम करत नाही.

आणि आता इशाऱ्यांचं, हे आपल्या भागातच होणारं आहे म्हणून मुद्दाम सांगतो. आपल्या टोळीत निम्मे मराठी, निम्मे कन्नड, सगळ्यांना दोन्ही कळतं असं आपण धरून चालतो. माझ्याकडं एक पोरगा चंदगडाकडनं नवीन आलेला, विंच चालू-बंद करायची दोरी त्याच्या हातात. खाली फास घालणारा बैलहोंगलचा. फास ताणला गेला आणि त्याचा अंगठा साखळीखाली. तो ओरडला, "बिडु, बिडु!" कन्नडात बिडु म्हणजे सोड. वरच्या पोरानं ऐकलं "भिडव" आणि भिडवली. अंगठा राहिला, नख गेलं, आणि तो माणूस महिनाभर डाव्या हातानं जेवला. त्या दिवसापासून तोंडानं बोलणं बंद. शिट्टी. एक शिट्टी म्हणजे थांब, ती कोणी पण मारू शकतो, ज्याला शंका आली त्यानं. दोन म्हणजे ओढ, ती फक्त फासवाल्यानं मारायची, तीही फासापासनं दहा पावलं बाजूला जाऊन. तीन म्हणजे सैल सोड. मशीन चालू असताना हाताचा इशारा पण ठरवून ठेवा, कारण पीटीओच्या आवाजात शिट्टी कधी कधी बुडते.

पीटीओ ५४० वर फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. खांद्यावरचा टॉवेल, लुंगी, शर्टाची सुटलेली बाही, काही पण शाफ्टला लागलं की माणूस गुंडाळला जायला एक सेकंद पण लागत नाही. प्लास्टिकचं गार्ड असतंय ते सगळ्यात आधी तुटतं आणि सगळ्यात शेवटी बदललं जातं. ते बदला. आणि कामावर टॉवेल कमरेला गच्च बांधायला सांगा, सांगून ऐकत नाहीत, टॉवेल काढूनच घ्या.

पालापाचोळ्यात फुरसं असतं, आपल्याकडं फार. गमबूट घाला, आणि साखळी घालायला ओंडक्याखाली हात घालायच्या आधी पहारीनं पाचोळा हलवा. शेंड्यावर आग्या मोहोळ आहे का ते सकाळीच वर बघून घ्या.

कागदपत्रं. हे मी आधी सांगायला पाहिजे होतं. जमीन कर्नाटकात आहे म्हणजे १९७६ चा झाडं राखायचा कायदा लागू. त्यात निलगिरी, सिल्व्हर ओक, सुरू, सुबाभूळ असली काही झाडं तोडपरवानगीतनं सोडलेली आहेत, म्हणून निलगिरीला तोडायला अडचण नाही. सागाला आहे, साग स्वतःच्या बांधावर असला तरी फॉरेस्टच्या रेंज ऑफिसात अर्ज, पाहणी, मग तोड, आणि नेताना वाहतुकीचा पास. अकेशियाचं आणि मधी आलेल्या जंगली झाडांचं पण रेंज ऑफिसात विचारून, लेखी घेऊन, मगच मशीन चालू करा. शिसम, चंदनाच्या तर वाटेला जाऊ नका. हद्दीचा दगड शोधून ठेवा, तुमच्या तिकडं मालकीला लागून फॉरेस्ट आहे, भीमगड अभयारण्य २०११ ला झाल्यापासनं तर सगळ्यांचं लक्ष असतं, आणि दोरी लांब असली की हद्द विसरायला होतं. चंदगडच्या सॉ मिलला माल द्यायचा विचार असेल तर लाकूड इकडचं आहे, तिकडच्या नाक्यावर गाडी अडवली की तुम्हाला इकडचेच कागद दाखवायला लागणार, ते कन्नडात असतात, तिथल्या माणसाला वाचता येत नाहीत, अर्धा दिवस जातो. चंदगडातलं झाड असतं तर महाराष्ट्राचा १९६४ चा कायदा, तो वेगळा. दोन्हीकडचं एकच असेल असं गृहीत धरून एकानं गाडीभर माल महिनाभर उभा केलेला मला माहीत आहे.

माल कुठं जाईल यावर कसा कापायचा ते ठरतं. बारीक निलगिरी दांडेलीच्या पेपर मिलला जाते किंवा सेंट्रिंगच्या बल्ल्यांना. साल काढायची असेल तर पाडल्यापासनं एक-दोन दिवसात काढा, तेव्हा केळीच्या सालीसारखी निघते, आठ दिवसांनी काढायला गेला तर कोयता आणि शिव्या दोन्ही लागतात. मापाचं एक लक्षात ठेवा. व्यापारी घेराचा चौथा हिस्सा धरून त्याचा वर्ग करतो आणि लांबीनं गुणतो. चार फूट घेर, बारा फूट लांबी, म्हणजे एक गुणिले एक गुणिले बारा, बारा घनफूट. खरं लाकूड त्यात सव्वापंधरा घनफूट असतंय. ही फसवणूक नाही, जुनी पद्धत आहे, करवतीत आणि सालीत जाणारं आधीच वजा केलेलं असतं. फसवणूक तेव्हा होते जेव्हा तो असं माप घेतो आणि वर परत सालीचे म्हणून दोन इंच कापतो. तिथं गप्प बसू नका. वजनावर देत असाल तर उलटं, ताजा माल लगेच काट्यावर न्या, पडून राहिला की दिवसागणिक पाणी उडतं आणि तुमचे पैसे पण.

मग विंच घ्यायची का? दोन एकरासाठी नको. निलगिरी एकदा काढली की पुढची पाळी यायला काही वर्षं जाणार, तोपर्यंत ती शेडात गंजणार आणि दरवर्षी बायको विचारणार हे काय आहे म्हणून. तुमच्या वाडीत अजून चार-पाच जणांचे असे उतार असतील तर मिळून घ्या, एकाच्या नावावर घ्या आणि चालवणारा पण एकच ठेवा, पाच जणांनी पाळीपाळीनं चालवलेली विंच पहिल्या वर्षातच मोडते. नाहीतर विंचवाला माणूस ट्रॅक्टरसकट दिवसावर बोलवा. बारीक बल्ल्या असतील तेवढ्या बैलजोडीनं काढा, अजून पण बैल उताराला सगळ्यात हुशार, वाट बघून पाय टाकतात. आणि एखाद-दुसरा जड ओंडका असेल तर तिरफोर, म्हणजे हातानं दांडा मारून तारेची दोरी ओढायचं यंत्र, भाड्यानं आणा, दीड टनी, तीन टनी मिळतो, सावकाश आहे, दांडा मारून खांदे जातात, खरं भरवशाचा आहे.

जेसीबीला नाही म्हणा. तो रस्ता पाडेल, माल दोन दिवसात काढेल, आणि जूनमध्ये तोच रस्ता ओढा होईल. विंचच्या वाटांचं पण थोडं तसंच असतं, ओंडके घासून घासून पन्हाळी पडते, म्हणून काम संपल्यावर त्या वाटांवर फांद्या आणि शेंडे आडवे टाकायचे, दर दहा-पंधरा फुटाला एक आडवा ढीग, पाणी तिथं थबकतं. जळणाला फांद्या पाहिजेत म्हणून बायका उचलून नेतील, त्यांच्यासाठी वेगळा ढीग रस्त्यावर ठेवा.

सुरुवात कधी करायची ते तारखेवर ठरवू नका, कणकुंबी-जांबोटीचा पाऊस कोणाचं ऐकत नाही. दिवाळी झाली की उतारावर मध्यावर जाऊन टाच जोरात मारून बघा. टाचेचा खड्डा पडून त्यात ओल दिसली तर अजून आठ दिवस भाताच्या मळणीकडं बघा, नुसता ठसा उमटला तर टोळीला फोन करा.